कडेवरच्या लेंकराचा न्याय

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कवठे महांकाळ येथें जमलेल्या आईबापांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गतकालाची थोरवी गावी, असा शिरस्ता आहे. तें काम आमच्याहून अधिक अधिकारी माणसें ह्याच व्यासपीठावरून करतील. आम्हीं मात्र आज सभेंतील सर्वांत लहान श्रोत्यांविषयीं बोलण्याचें योजिलें आहे. ते श्रोते येथें हजर आहेत. कोणी आईच्या मांडीवर आहे, कोणी आजीच्या खांद्यावर झोंपीं गेला आहे, आणि कोणी शेजारच्या मुलाच्या हातांतील बिस्किटाकडे टक लावून पाहत आहे. ह्या शेवटच्या श्रोत्याची ती नजर हाच आमच्या भाषणाचा विषय होय. तान्ह्या मुलास न्याय-अन्यायाची कांहीं जाण असते काय, असल्यास ती कोठवर जाते, आणि जेथें ती थांबते तेथून तिला पुढें नेण्याचें काम कोणाचें, ह्या तीन प्रश्नांचा आपण विचार करूं.

आपल्या ह्या तालुक्यांत न्याय म्हणजे काय, हें मुलें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं पाण्याच्या रांगेंत पाहतात. टंचाईच्या दिवसांत टँकर आला कीं घागरी, कळशा आणि हंडे ओळीनें लागतात. एखादीनें आपली घागर मध्येंच सरकविली, तर सगळी ओळ एका सुरांत बोलूं लागते. त्या वेळीं आईच्या कडेवरचें लेंकरूं काय करतें, हें आपण कधीं न्याहाळलें आहे काय? तें रडत नाहीं, हंसत नाहीं; तें पाहतें. कोणाची घागर भरली आणि कोणाची रिकामी राहिली, ह्यावरून त्याची दृष्टि फिरत असते. 'त्याला काय कळतंय!' असें म्हणून आपण पुढें सरकतों. आम्हीही अनेक वर्षें असेंच म्हणत आलों. परंतु गेल्या वीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील मानसशास्त्रज्ञांनीं केलेले प्रयोग वाचल्यावर तें वाक्य आमच्या तोंडून सहसा निघत नाहीं.

ज्यास बोलतां येत नाहीं त्याची साक्ष घ्यावयाची कशी? ह्यावर विद्वानांनीं काढलेली युक्ति साधी आहे. अपेक्षेप्रमाणें घडलेल्या गोष्टीवरून मुलाची दृष्टि लवकर ढळते. अपेक्षेविरुद्ध कांहीं घडलें, तर ती तेथें अधिक वेळ खिळून राहते. म्हणून मुलास आईच्या मांडीवर बसवावें, त्यास एक प्रसंग दाखवावा, आणि तें किती वेळ पाहतें तें मोजावें. २०११ सालीं मार्को श्मिट आणि जेसिका सॉमरव्हिल ह्यांनीं अमेरिकेंत पंधरा महिन्यांच्या मुलांस खाऊ व दूध वांटण्याचे प्रसंग दाखविले. एकदां दोघांस सारखा वांटा मिळाला. एकदां एकास जास्त व दुसऱ्यास कमी मिळाला. एकंदरींत, विषम वांटणीकडे मुलें अधिक वेळ पाहत राहिलीं. मग ह्याच मुलांपुढें दोन खेळणीं ठेवून, त्यांतील आवडतें कोणतें तें पाहून, एका परक्या माणसानें हात पुढें केला. जीं मुलें आपलें आवडतें खेळणेंच देऊन टाकीत, त्यांच्यांत विषम वांटणीचें आश्चर्य विशेष दिसून आलें. पंधरा महिन्यांचें मूल म्हणजे अजून धड चालतांही न येणारें लेंकरूं. तथापि पाहणें आणि देणें ह्या दोहोंमधील धागा त्याच्या ठायीं विणला जाऊं लागलेला असतो.

त्याच वर्षीं अलेस्सांद्रा जेराची आणि लुका सुरियन ह्या इटालियन संशोधकांनीं सोळा महिन्यांच्या मुलांस हलत्या चित्रांत दोन वांटणारे दाखविले, एक सारखें देणारा आणि दुसरा भेदभाव करणारा. मुलांनीं सारखें देणाऱ्यास पसंत केलें. पुढें २०१२ सालीं स्टेफनी स्लोन, रेने बायार्जाँ आणि डेव्हिड प्रेमॅक ह्यांनीं एकोणीस महिन्यांच्या मुलांपुढें दोन बाहुले-जिराफ ठेविले. बोलणाऱ्या-हलणाऱ्या जिराफांमध्यें विषम वांटणी झाली, तर मुलें टक लावून पाहत; तेच जिराफ निर्जीव वस्तूंसारखे निश्चल ठेविले असतां त्यांस कांहीं वाटत नसे. म्हणजे मूल केवळ ढीग लहानमोठे झाले म्हणून चकित होत नाहीं. ज्यास भूक व इच्छा आहे अशा जिवास कमी मिळालें म्हणून चकित होतें. त्याच संशोधकांनीं एकवीस महिन्यांच्या मुलांस आणखी एक प्रसंग दाखविला. दोघींस खेळणीं आवरावयास सांगितलें. एकीनें सर्व आवरलें, दुसरी खेळतच बसली. शेवटीं दोघींस सारखेंच बक्षीस मिळालें, तेव्हां मुलें अधिक वेळ पाहत राहिलीं. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच 'करील त्यास मिळावें' हा विचारही मुलाच्या मनांत डोकावूं लागतो, असा ह्याचा अर्थ दिसतो.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. नवलाची वार्ता ऐकून आपण चटकन् माना डोलवितों. खरा शास्त्रज्ञ मात्र आपलीच वार्ता पुन्हां तपासून पाहतो. २००७ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत काइली हॅम्लिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम ह्यांनीं असें दाखविलें होतें कीं, टेकडी चढणाऱ्यास मदत करणारें लांकडी बाहुलें आणि त्यास खालीं ढकलणारें बाहुलें ह्यांमध्यें सहा व दहा महिन्यांचीं मुलें मदत करणाऱ्याकडेच हात करतात. ही गोष्ट जगभर गाजली. परंतु पुढें अनेक देशांतील तीसाहून अधिक प्रयोगशाळांनीं मिळून तोच प्रयोग पुष्कळ मुलांवर नव्यानें केला, आणि २०२४ च्या अखेरीस त्याचें फळ प्रसिद्ध झालें. त्यांत अर्धीं मुलें इकडे वळलीं व अर्धीं तिकडे. मदत करणाऱ्याकडे ओढा असा दिसला नाहीं. म्हणून तान्हें मूल जन्मतःच न्यायाधीश असतें, असें कोणी सांगूं लागल्यास आपण त्यावर विश्वास ठेवूं नये. सहा महिन्यांच्या मुलाविषयीं निश्चयानें बोलण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं. दीड वर्षाच्या सुमारास मात्र समान वांटणीची अपेक्षा मुलांत दिसूं लागते, ह्यास वेगवेगळ्या प्रयोगांचा आधार आहे. टक लावून पाहणें म्हणजे न्याय करणें नव्हे. पण 'ह्यांत कांहीं चुकलें' ही पहिली शंका त्यांत आहे.

आतां दुसरा प्रश्न. ही जाण कोठवर जाते? ह्याचें उत्तर आम्हांस आमच्याच घरच्या पडवींत मिळालें. आमच्या धाकट्या नातवास चार वर्षें झालीं तेव्हां आम्हीं त्याच्यापुढें मूठभर बेदाणे ठेवून विचारलें, 'बाळा, तूं आणि ताई, दोघांत हे कसे वांटावे?' त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, 'सारखे!' आम्ही प्रसन्न झालों. मग त्यानें वांटणी केली. ताईपुढें चार बेदाणे पडले आणि उरलेले सर्व त्याच्या मुठींत राहिले. आम्हीं पाहिलें, ताईनें पाहिलें, आणि पाळण्याच्या कडेला धरून उभी राहिलेली सव्वा वर्षाची धाकटी हिनेंही पाहिलें.

हा आमच्याच नातवाचा दोष असेल असें आम्हांस वाटलें होतें. पण तसें नाहीं. २०१३ सालीं क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस ह्यांनीं तीन ते आठ वर्षांच्या मुलांचें हेंच वर्तन नोंदविलें. चिकटचित्रें सारखीं वांटावीं, हें सर्वच वयाच्या मुलांनीं सांगितलें. परंतु प्रत्यक्ष वांटतांना लहान मुलांनीं आपल्याकडे अधिक ठेविलीं, आणि विशेष हें कीं, 'तूं किती देशील?' असें आधीं विचारलें असतां तसेंच करणार असल्याचें त्यांनीं प्रांजळपणें सांगून टाकलें. न्याय त्यांस ठाऊक होता; तो करण्याची किंमत देण्यास मात्र त्यांचा हात अजून तयार नव्हता. सात-आठ वर्षांच्या मुलांचें बोलणें व करणें हीं बरींच एक होऊं लागतात.

ह्याहूनही मोठी पाहणी पीटर ब्लेक, कॅथरीन मॅकऑलिफ, फेलिक्स वार्नेकेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केली. भारत, कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल आणि युगांडा ह्या सात देशांतील चार ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या जोड्या समोरासमोर बसविल्या. एकास मांडलेली वांटणी मान्य करण्याचा अथवा मोडण्याचा अधिकार दिला. मोडली तर दोघांसही कांहीं मिळावयाचें नाहीं. आपणांस कमी मिळत असतां वांटणी मोडणें, हें थोड्याफार वयाच्या अंतरानें सातही देशांत दिसलें. परंतु आपणांसच जास्त मिळत असतां, दुसऱ्यावर अन्याय होतो म्हणून वांटणी मोडणें, हें मोठ्या मुलांत केवळ तीन देशांत दिसून आलें. आपला देश त्या तिहींत नव्हता. ह्यावरून आपल्या मुलांस उणें लेखूं नये. कारण ह्या दुसऱ्या प्रकारचा न्याय कोठेंही आपोआप येत नाहीं, तो भोंवतालच्या माणसांकडून येतो, असेंच त्यावरून सुचतें.

आपणांस कमी मिळालें म्हणून रागावणें, ह्यांत फारसें माणूसपणही नाहीं. द्राक्षांच्या ह्या मुलखांत सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. २००३ सालीं सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल ह्यांनीं कॅपुचिन जातीच्या माकडांस एका कामाबद्दल काकडीचा तुकडा देण्यास आरंभ केला. माकडें तो मुकाट्यानें खात. परंतु त्याच कामाबद्दल शेजारणीस द्राक्ष मिळतें असें दिसतांच कित्येक माकडें काकडी नाकारूं लागलीं. काकडीवाल्याचा राग माकडासही येतो. 'तिला काकडी मिळते, तर मला एकट्यास द्राक्ष नको,' असें म्हणणें मात्र माणसाच्या लेंकरासच शिकावें लागतें, आणि तें शिकविणारे आपण आहों.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या लहानपणीं घरांत एकच म्हैस होती. दूध तापलें म्हणजे वरची साय आमच्या वाटींत पडे, आणि आमच्या थोरल्या बहिणीच्या वाटींत खालचें दूध, तेंही बहुधा पाणी घातलेलें. कोणी दुष्ट नव्हतें. आई तर देवमाणूस होती. 'तो मुलगा आहे' एवढें एकच कारण कोणी सांगत असे, आणि बहुतेक दिवशीं तेवढेंही सांगण्याची गरज पडत नसे. बहिणीनें कधीं तक्रार केली नाहीं. आम्हीही कधीं आपली वाटी तिच्यापुढें सरकविली नाहीं. आज आमची खात्री आहे कीं, पंधरा महिन्यांचे असतांना आम्हीं ती वांटणी प्रथम पाहिली, तेव्हां आमची नजर तिच्यावर क्षणभर अधिक खिळली असली पाहिजे. मग ती रोज पाहिली, आणि आश्चर्य संपलें. अन्याय मुलास कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं; तो रोजचा झाला म्हणजे मूल त्याकडे टक लावून पाहणें सोडून देतें, आणि तेथेंच त्याचें शिक्षण पुरें होतें.

ही केवळ सायीची गोष्ट असती तर बरें होतें. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें ८९४ मुली आढळल्या, आणि आपल्या सांगली जिल्ह्यांत ८६७. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें देशांत प्रथम, १९८८ सालीं केला. तरीही २०१७ च्या मार्च महिन्यांत शेजारच्या मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें ओढ्याजवळ पुरलेले १९ गर्भांचे अवशेष सांपडले. ज्या लेंकरांच्या न्यायबुद्धीविषयीं आपण आज कौतुकानें बोलत आहों, त्यांतील कित्येक मुलींस वांटणी पाहण्यापुरतेंही डोळे उघडूं दिले गेले नाहींत. सायीच्या वाटीपासून त्या ओढ्यापर्यंत वाट लांब आहे, असें आपण स्वतःस समजावितों. परंतु ती एकच वाट आहे, आणि तिचें पहिलें पाऊल घरांतील वाटींत पडतें.

मग आईबापांनीं करावें काय? मोठीं प्रवचनें नकोत. चार लहान गोष्टी पुरेत.

पहिली ही कीं, वांटतांना मोठ्यानें मोजावें. 'एक ताईला, एक दादाला, एक बाळाला.' ज्या लहान मुलांस मोजतां येतें तीं अधिक सारखें वांटतात, असें संशोधकांस आढळून आलें आहे. न्यायाची इच्छा असूनही आंकड्यांअभावीं कित्येकदां मुलाचा हात चुकतो.

दुसरी, वांटणाऱ्यानें शेवटीं घ्यावें. एकानें केळें मोडावें आणि दुसऱ्यानें आधीं निवडावें, ही रीत घरांत एकदां रुळली कीं आईस पंच व्हावें लागत नाहीं.

तिसरी, मुलांस पाळी शिकवावी. मारिया माँटेसोरी बाई १९३९ सालीं भारतांत आल्या आणि महायुद्धाचीं वर्षें येथेंच राहिल्या. त्यांच्या पद्धतींत प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवीत. दुसऱ्याचें काम संपेपर्यंत मुलानें थांबावयाचें. तीच बालशिक्षणाची दृष्टि ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं नेली, आणि अनुताई वाघ ह्यांनीं त्यांच्याबरोबर आपलें आयुष्य त्या कामीं वाहिलें. घरांत एकच झोपाळा असणें हें दारिद्र्य नव्हे. ती न्यायाची शाळा आहे.

चौथी, मुलांस एकत्र कामास लावावें. २०११ सालीं काथारीना हामान आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, तीन वर्षांचीं दोन मुलें मिळून दोरी ओढून गोट्या मिळवितात, तेव्हां एकाकडे जास्त गोट्या आल्या तरी तीं पुष्कळदां आपण होऊन सारख्या करून घेतात; आयत्या मिळालेल्या गोट्यांच्या बाबतींत तसें फारसें घडत नाहीं. जीं हातांस हात लावून कमावतात, त्यांस वांटणें सोपें जातें.

शेवटीं एक शंका उरते. सारखें वांटणें हाच न्यायाचा शेवट काय? २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातूरकडे पाण्याची आगगाडी धांवूं लागली, ती आपल्याच लोहमार्गानें गेली. आपल्या तालुक्यास टंचाई कांहीं नवी नव्हती. आपल्या दारावरून पाणी परक्या गांवास जावें, हें कोणास खटकलें असल्यास नवल नाहीं. तरी मोजमाप सोडून ज्याचा घसा अधिक कोरडा त्यास आधीं पाणी, हेंच त्या वेळीं योग्य होतें. आजारी मुलाच्या वाटींत आई दोन घास अधिक घालते, तेव्हां इतर मुलांस ती कारण सांगते. आणि कारण कळलें म्हणजे मुलें तें मान्य करतात. 'तो मुलगा आहे' हें कारण नव्हे. 'तिला बरें नाहीं' हें कारण होय. ह्या दोन वाक्यांतील अंतर मुलास कळूं लागलें, म्हणजे त्याची न्यायबुद्धि वयांत आली असें समजावें.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. पहांटेपासून राबलेले मजूर आणि संध्याकाळीं तासभर आलेले मजूर ह्यांस मालकानें सारखीच मजुरी दिली, आणि पहिले कुरकुरले. आपल्यांतील पुष्कळजण द्राक्षबागांत मजुरीस गेलेले आहेत. त्यांस ती कुरकुर मनांतून पटते, आणि एकवीस महिन्यांच्या लेंकरासही ती पटली असती. परंतु शेवटच्या मजुरासही घरीं चूल पेटवावयाची होती, हें मालकानें पाहिलें. पहिल्यांचें त्यानें कांहीं कापून घेतलें नाहीं. न्याय पुरा करून मग उदारपणा करणें, ही त्या दृष्टान्ताची रीत आहे; एकीच्या वाटींतलें काढून दुसऱ्यास साय घालणें हा उदारपणा नव्हे.

बंधुभगिनींनो, ह्या महोत्सवांत आपण वडिलांच्या कष्टांचें स्मरण करीत आहों. तें योग्यच आहे. परंतु पुढील महोत्सवास ह्या व्यासपीठावर कोण उभें राहील, हें आज कोणाच्या तरी कडेवर बसलेलें आहे. तें आपलें भाषण ऐकत नाहीं. सभा संपल्यावर प्रसाद वांटला जाईल, तेव्हां तें आपल्या हाताकडे पाहील. तेव्हां आमची एवढीच विनंती आहे कीं, आज घरीं गेल्यावर दूध ओततांना वाट्या शेजारींशेजारीं ठेवाव्या, आणि ओतून झाल्यावर एकदां लेंकराच्या डोळ्यांकडे पाहावें.